वैभव ओसरलेल्या किनाऱ्यावर

"आता तिथे राहिलंय काय?" हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे, आणि बहुतेकांनी ते म्हटलेही आहे. कुणी सांगितले की, रविवारी मुलांना घेऊन जुहूला जाणार आहोत, की घरातले कुणीतरी हमखास म्हणते, "जुहू? आता तिथे राहिलंय काय? घाण आणि गर्दी!" मग जुन्या आठवणी निघतात. एके काळी जुहू म्हणजे काय थाट होता, सिनेनट कसे दिसायचे, वाळू कशी स्वच्छ असायची, वगैरे. असेच उद्गार आपण एखाद्या जुन्या इराणी हॉटेलविषयी काढतो, गिरगावातल्या चाळीविषयी काढतो, परळ-लालबागविषयी काढतो. आणि जरा प्रामाणिकपणे पाहिले, तर माणसांविषयीही काढतो. फक्त माणसांच्या बाबतीत ते तोंडावर बोलत नाही, एवढाच फरक.

ज्याचे वैभवाचे दिवस सरले, त्याचे आपण काही देणे लागतो का? की दिवस सरले की संबंधही सरला? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. म्हणून आज जरा जुहूच्या निमित्ताने त्याचा विचार करू या.

आधी जुहूची गोष्ट थोडक्यात पाहिली पाहिजे, कारण "एके काळी" म्हणताना आपल्याला नेमका कोणता काळ अभिप्रेत असतो, हे आपण क्वचितच तपासतो. जुहू हे मुळात साष्टीच्या पश्चिमेला असलेले एक लहानसे, वाळूचे बेट होते. मधल्या खाडीतून ओहोटीच्या वेळी चालत पलीकडे जाता येत असे. तेथे कोळी होते, ताडी काढणारे भंडारी होते, मिठागरांत राबणारे आगरी होते, थोडी शेती करणारे कुणबी होते, आणि काही ख्रिस्ती कुटुंबेही होती. जुहूचे संत जोसेफचे चर्च १८५३ सालचे आहे. म्हणजे विमानतळ, हॉटेले, सिनेमावाल्यांचे बंगले ह्यांपैकी काहीही नव्हते, तेव्हा त्या गावात घंटा वाजत होती आणि लोक प्रार्थनेला जमत होते.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटांनी तेथे जमीन घेतली, बंगला बांधला, आणि सुमारे बाराशे एकरांवर एक सुंदर वसाहत व समुद्रकाठचे विश्रामस्थान उभारण्याची योजना आखली. १९०४ साली त्यांचे निधन झाले आणि ती योजना तशीच राहिली. परंतु मुंबईच्या श्रीमंतांना तोवर जुहूची वाट सापडली होती. एकेक करून बंगले उभे राहू लागले. १९२४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेले आणि तुरुंगातून सुटलेले महात्मा गांधी विश्रांतीसाठी जुहूलाच येऊन राहिले. १९४४ साली आगाखान पॅलेसमधील नजरकैदेतून सुटल्यावरही ते पुन्हा जुहूला आले. १९२८ साली तेथे विमानतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे आले, ते ह्याच जुहूच्या धावपट्टीवर उतरले. टाटांच्या हवाई टपालसेवेची ती सुरुवात होती.

स्वातंत्र्यानंतर जुहूचा खरा झगमगाट सुरू झाला. १९६२ साली किनाऱ्यावर 'सन-एन-सँड' हॉटेल उघडले. त्याच्या तरणतलावाकाठचे प्रसंग कितीतरी हिंदी चित्रपटांत आले. आपल्यापैकी जे तेव्हा शाळेत होते, त्यांनी ते पडद्यावरच पाहिले असतील. मग आणखी हॉटेले आली. १९७८ साली पृथ्वी थिएटर सुरू झाले. जुहू हे नाव उच्चारले की मुंबईबाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर समुद्र, नारळाची झाडे आणि नटनट्या उभ्या राहत.

आणि मग ते ओसरले. एका दिवसात नव्हे. भरतीचे पाणी जसे कळत न कळत मागे सरते, तसे. किनाऱ्यावरचे सरकारी मालकीचे सेंटॉर हॉटेल २००२ साली विकले गेले आणि पुढे ती भली मोठी इमारत वर्षानुवर्षे बंद पडून राहिली. शहर वाढले, नाले फुगले, आणि त्यांतून वाहणारे सर्व काही समुद्रात जाऊ लागले. पावसाळ्यात समुद्र ते परत किनाऱ्यावर आणून टाकू लागला. भरसमुद्रात सांडलेल्या तेलाचे काळे डांबरगोळे वाळूवर येऊ लागले. २०११ च्या जून महिन्यात तर एक जहाजच येऊन रुतले. 'एम. व्ही. विज्डम' त्याचे नाव. जुने झाले म्हणून ते कोलंबोहून गुजरातेतील अलंगला भंगारात काढण्यासाठी ओढून नेत होते. वाटेत दोर तुटला आणि ते भरकटत जुहूच्या वाळूत येऊन अडकले. ते पाहायला मुंबईभरातून माणसे लोटली. कामाला असताना त्या जहाजाकडे ज्यांनी कधी ढुंकून पाहिले नसते, तेच लोक भंगारात जाताना त्याचे फोटो काढत होते! त्याच पावसाळ्यात 'एम. व्ही. पवित' नावाचे दुसरे जहाजही, माणसांनी सोडून दिलेले, तिथेच येऊन लागले.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीतील सहा-सात ज्येष्ठ मंडळींना घेऊन आम्ही एका संध्याकाळी जुहूला गेलो होतो. जाण्यापूर्वीच दोन तट पडले होते. एका काकांचे म्हणणे असे की, जाऊन मन कष्टी करून घेण्यापेक्षा घरीच बसावे. "जे पाहिलं ते डोळ्यांत आहे. आता जाऊन ते कशाला पुसायचं?" तरीही ते आले. वाळूत पाय टाकल्यापासून त्यांची कुरकुर चालू होती. इथे हे नव्हते, तिथे ते होते, हे दुकान कुठून आले, तो कचरा बघा. त्यांचे एकही वाक्य खोटे नव्हते.

परळच्या एक मावशी मात्र गप्प होत्या. चटई पसरून बसल्यावर त्या बोलल्या. लग्नानंतर पहिल्यांदा त्या आणि त्यांचे यजमान जुहूला आले, ते सांताक्रूझ स्टेशनवरून बसने. यजमान गिरणीत होते. हॉटेलाच्या आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. भिंतीच्या बाहेर वाळूवर बसून दोघांनी शेंगदाणे खाल्ले आणि आतून येणारा बँड ऐकला. मग मावशी काकांना म्हणाल्या, "अहो, तेव्हाही आम्ही भिंतीच्या बाहेरच होतो, आणि आजही बाहेरच आहोत. आमचं काय गेलं? आमची वाळू होती, ती आहे."

काका हसले, पण मला ते वाक्य अनेक दिवस सोडेना. कारण त्या वाक्याने आमचा सर्व हिशेबच बदलून टाकला. आपण "वैभव गेले" असे म्हणतो, तेव्हा ते कुणाचे होते, हे विचारत नाही. जुहूला जेव्हा थाट होता, तेव्हा त्या थाटात सामील होणारे मूठभर होते. बाकीच्यांनी तो लांबून पाहिला, सिनेमात पाहिला, किंवा भिंतीपलीकडून ऐकला. आणि गंमत अशी की, पैशाच्या भाषेत जुहू आजही उतरलेले नाही. तेथील घरांच्या किमती आपल्यासारख्यांनी विचारू नयेत अशाच आहेत, मोठे नट आजही तेथे राहतात, पंचतारांकित हॉटेले आजही आहेत. उतरली ती फक्त वाळू. ज्यांना परवडते ते लोणावळ्याला, अलिबागला, गोव्याला, आणि आता तर थायलंडला आणि दुबईला जाऊ लागले. वाळू उरली ती गोवंडीहून, कुर्ल्याहून, कल्याणहून रविवारी येणाऱ्यांसाठी. तेव्हा "जुहू बिघडले" ह्या वाक्याचा अर्थ पुष्कळदा "जुहूला गर्दी झाली" एवढाच असतो, आणि "गर्दी" ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळदा "आपल्याहून गरीब माणसे" असा असतो. हे ऐकायला कडू लागेल, पण स्वतःशी तपासून पाहावे.

त्याच संध्याकाळी आमच्या शेजारी एक कुटुंब आले होते. आई, बाप आणि चार-पाच वर्षांची एक मुलगी. बहुधा तिने समुद्र पहिल्यांदाच पाहिला असावा. पाण्याची लाट पायाला लागली की ती किंचाळून मागे पळे आणि लाट मागे गेली की पुन्हा पुढे धावे. तिला १९६२ सालाशी काही देणेघेणे नव्हते. तिच्या दृष्टीने जुहूचे वैभव त्या दिवशी, त्या वेळी सुरू झाले होते. ती मोठी झाल्यावर तिच्या नातवंडांना सांगेल, "आमच्या वेळचं जुहू काय होतं!" आणि ते ती खरेच सांगत असेल.

मग काकांचे काय? त्यांचे म्हणणे चुकीचे होते का? नाही. येथे घाई करून चालणार नाही. "सर्व काही छान आहे, दृष्टी बदला म्हणजे झाले" असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. डांबरगोळे हे डांबरगोळेच आहेत. नाल्याचे पाणी दृष्टी बदलल्याने गोड होत नाही. ती चिमुकली ज्या पाण्यात नाचत होती, ते पाणी तिच्यासाठी स्वच्छ नव्हते, आणि तिला ते स्वच्छ मिळायला हवे होते. तिच्या आनंदाचा दाखला देऊन आपण त्या घाणीची सफाई देऊ लागलो, तर तो तिच्यावरच अन्याय होईल.

म्हणून मला वाटते, येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक म्हणजे वय आणि दुसरी म्हणजे हयगय. वय होणे हा निसर्गाचा क्रम आहे. फॅशन बदलते, माणसे दुसरीकडे जातात, इमारतीचा रंग उडतो, नाव मागे पडते. ह्यात कुणाचा गुन्हा नाही आणि ह्याची लाज वाटण्याचेही कारण नाही. दरवर्षी राखेच्या बुधवारी आपण कपाळावर राख लावून घेतो, ती ह्याचीच आठवण म्हणून. हयगय मात्र निसर्गाने केलेली नसते, ती आपण केलेली असते. प्लॅस्टिकची पिशवी स्वतः होऊन समुद्रात जात नाही. वयाला सामोरे जायला धीर लागतो, हयगयीला सामोरे जायला हात लागतात. आपण नेमकी उलटापालट करतो. जे वयामुळे झाले, त्याच्याविषयी चिडचिड करतो, आणि जे आपल्या हयगयीमुळे झाले, त्याच्याविषयी "काय करणार, काळच तसा आला" म्हणून धीराचा आव आणतो.

हे नुसते शब्द नाहीत, हे जुहूच्या शेजारीच वर्सोव्याला दिसून आले. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये अफरोज शाह हे तरुण वकील आणि त्यांचे चौऱ्याऐंशी वर्षांचे एक शेजारी अशा दोघांनी वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. दोघेच! किनाऱ्यावर माणसाच्या गुडघ्याच्या वरपर्यंत कचरा साचलेला. हळूहळू माणसे येत गेली, आठवड्यामागून आठवडे काम चालले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने शाह ह्यांचा सन्मान केला. आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे निघाली. कासवांनी वर्सोव्याचे जुने वैभव ऐकले नव्हते. त्यांना अंडी घालण्यापुरती स्वच्छ वाळू मिळाली, एवढे पुरे झाले. मला ह्यात सर्वांत मोलाची वाटते ती त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांची गोष्ट. "आता आमचे दिवस राहिले नाहीत" असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार ज्यांना होता, त्यांनी वाकून कचरा उचलला.

आता जरा आपल्या भागाकडे वळू या, कारण जुहूविषयी बोलणे तसे सोपे आहे, ते दूर आहे. ओसरलेल्या वैभवाविषयी खरे म्हणजे गिरणगावाने बोलावे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर जे झाले ते आपण सर्वांनी पाहिले किंवा घरात ऐकले आहे. भोंगे थांबले. चाळींच्या जागी उंच इमारती आल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. गिरणीची चिमणी अजून उभी आहे, पण तिच्यातून धूर येत नाही, लोक तिच्याखाली आइस्क्रीम खातात.

इंग्लंडमध्येही अगदी अशीच एक गोष्ट घडली आहे. लँकेशायरच्या कापड गिरण्या एकेका गावात आळीपाळीने एक आठवडा बंद ठेवीत. त्या आठवड्यात अख्खे गावच्या गाव ब्लॅकपूल ह्या समुद्रकाठच्या शहरी जाई. १८९४ साली तेथे पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या धर्तीवर उंच मनोरा उभारला गेला. पुढे गिरण्या बंद पडल्या, विमानाने स्वस्तात स्पेनला जाता येऊ लागले, आणि ब्लॅकपूलची रया गेली. आमच्या मावशींचे यजमान ज्या गिरणीत राबले, तिची स्पर्धा ह्याच लँकेशायरच्या कापडाशी होती. दोन्हीकडचे मागही थांबले, आणि दोन्हीकडच्या कामगारांची सुट्टीची वाळूही जुनी झाली. ब्लॅकपूलचा मनोरा मात्र अजून उभा आहे आणि माणसे अजून तिथे जातात. फक्त आता कुणी त्याचा हेवा करत नाही.

आपल्या परिसरातील कितीतरी कुटुंबे गेल्या तीस-चाळीस वर्षांत बोरिवलीला, वसईला, विरारला गेली. लग्नाला, मयताला, सणाला ती परत येतात, तेव्हा चर्चच्या आवारात उभे राहून तेच वाक्य म्हणतात, "आता इथे राहिलंय काय?" ते प्रेमानेच म्हणतात, ह्यात शंका नाही. पण त्याच वेळी येथे राहिलेला एखादा म्हातारा जवळ उभा असतो. त्याला ते वाक्य कसे ऐकू येत असेल? "इथे राहिलंय काय" ह्याचे खरे उत्तर "मी राहिलो आहे" असे आहे. पण तो ते बोलून दाखवत नाही. हसतो आणि विचारतो, "चहा घेणार का?"

आठवणींचा हा दुसरा धोका आहे. तुच्छतेचा धोका आपल्याला लवकर दिसतो, पण आठवणींचा दिसत नाही, कारण त्या गोड असतात. तुच्छतेने पाहणारा माणूस समोरच्याला म्हणतो, "तू आता काहीच नाहीस." आठवणीत रमणारा म्हणतो, "तू एके काळी किती छान होतास!" दोघांपैकी कुणीही त्याला आज, आत्ता, जसा आहे तसा पाहत नाही.

जुहूच्याच वाळूवर काढलेले एक छायाचित्र आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात किंवा वर्तमानपत्रात पाहिले आहे. १९३७ सालचे. गांधीजी चालत आहेत, त्यांच्या काठीचे पुढचे टोक एका लहान मुलाने धरले आहे आणि तो त्यांना ओढत पुढे पळतो आहे. तो मुलगा म्हणजे त्यांचा नातू कनू, रामदास गांधींचा मुलगा. पुढे तो शिकला, अमेरिकेत गेला, नासामध्ये काम केले. २०१४ साली तो पत्नीसह भारतात परतला. त्या दांपत्याला मूलबाळ नव्हते. शेवटच्या दिवसांत ही दोघे वृद्धाश्रमात राहिली, आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये सुरत येथे, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, कनूभाईंचे निधन झाले. त्या वेळी सर्व वर्तमानपत्रांनी तेच जुने छायाचित्र छापले.

ह्यात कुणाला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. वृद्धाश्रमात राहणे हा काही कलंक नव्हे, आणि तेथे काळजी घेणारी भली माणसे असतात. मला एवढेच म्हणायचे आहे की, त्या चित्रात तो मुलगा कायम आठ-नऊ वर्षांचाच राहिला. काठी धरून पळणारा तो मुलगा सर्व देशाला माहीत होता. ज्याला स्वतःलाच काठी लागू लागली, तो कनूभाई किती जणांना माहीत होता? आपण चित्र जपतो आणि माणूस विसरतो. जुहूचेही आपण तेच केले, आणि आपल्या घरातल्या, शेजारच्या, रविवारी मागच्या बाकावर बसणाऱ्या माणसांचेही तेच करतो. गायनमंडळात एके काळी जिचा आवाज सर्वांत वर जात असे, त्या बाईंना आपण भेटलो की सांगतो, "बाई, तुम्ही किती सुंदर गायचात!" त्या "गायचात" मधला भूतकाळ त्यांना रोज कळतो. आज त्यांचे गुडघे कसे आहेत, रात्री झोप लागते का, मुलगा फोन करतो का, हे विचारणारा विरळा.

कुणी म्हणेल, हे सगळे खरे, पण जुन्याला किती दिवस धरून बसायचे? सगळेच जुने जपले तर नवे कुठे ठेवायचे? हा आक्षेप रास्त आहे. जपणे म्हणजे आहे तसे गोठवणे नव्हे. दादरचे पोर्तुगीज चर्चच पाहा. त्याची स्थापना १५९६ सालची. आजची इमारत मात्र चार्ल्स कोरिया ह्यांच्या आराखड्याप्रमाणे १९७० च्या दशकात बांधलेली, आणि ती कुठल्याही जुन्या पोर्तुगीज चर्चसारखी दिसत नाही. भिंती बदलल्या, छप्पर बदलले, पण तेथे जमण्याचे थांबले नाही. जुने पाडावे लागले म्हणून नाते पाडावे लागले नाही. जेथे बदल करावाच लागतो, तेथे करावा. प्रश्न एवढाच की, तो बदल आपण त्या जागेत राहणाऱ्यांसाठी करतो आहोत, की ती जागा आपल्याला आता शोभत नाही म्हणून?

आणि जे बदलता येत नाही, त्याच्यापाशी नुसते जाऊन बसणे, हेही एक काम आहे. ते काम कमी प्रतीचे समजले जाते, कारण त्यात काही साध्य झालेले दिसत नाही. झगमगाट असताना जाण्यात विशेष काही नाही, तेव्हा तो झगमगाटच आपल्याला ओढून नेतो. ज्या ठिकाणी आता कुणी आपल्याला पाहणार नाही, जिथे गेल्याने आपला मान वाढणार नाही, जिथून सांगण्यासारखे काही घेऊन येता येणार नाही, तिथे आपण जातो, तेव्हाच आपण त्या जागेसाठी किंवा त्या माणसासाठी जातो. तोवर आपण बहुधा स्वतःसाठीच गेलेलो असतो. प्रेम आणि हौस ह्यांतला फरक वैभवाच्या काळात कळतच नाही. तो ओहोटीतच कळतो.

आमच्या मावशी ह्याच वाटेने चालतात, असे मला वाटते. ज्या यजमानांबरोबर त्या जुहूच्या भिंतीबाहेर बसल्या, त्यांची गिरणी गेली, पुढे प्रकृती गेली, आणि शेवटची सहा वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. कुणी त्यांना म्हणे, "मावशी, तुमचे दिवस वाईट आले." त्या म्हणत, "दिवस तेच आहेत हो, काम तेवढं वाढलं." त्यांनी ते काम केले. त्यांनी कधी ह्यावर विचार मांडला नाही किंवा त्याचे नाव ठेवले नाही. पण "ज्याचे वैभव सरले त्याचे आपण काही देणे लागतो का" ह्या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या सहा वर्षांत आहे. आपण देणे लागतो, आणि ते देणे वैभवाचे नव्हते, त्यामुळे वैभवाबरोबर ते फिटत नाही.

आपणही एक दिवस कुणाचे तरी "एके काळी" होणार आहोत. आजचे तरुण, ज्यांच्या मोटारसायकली चर्चच्या फाटकाबाहेर उभ्या असतात, तेही होणार आहेत. तेव्हा आपल्याला काय हवे असेल? आपल्या जुन्या फोटोची कुणी स्तुती करावी हे, की कुणी येऊन शेजारी बसावे हे?

तेव्हा ह्या आठवड्यात दोन लहान गोष्टी करता येतील. एक म्हणजे दादरच्या असो, गिरगावच्या असो किंवा जुहूच्या, किनाऱ्यावर गेलो तर जे बरोबर नेले ते सर्व बरोबर परत आणावे, आणि जमल्यास पायाजवळचा दुसऱ्याचा थोडा कचराही उचलावा. दादर-माहीमच्या किनाऱ्यावर २०१७ पासून तरुण मंडळींनी सफाईचे काम केले आहे. त्यांच्यासारख्यांबरोबर एक सकाळ घालवायला कुणाचीही आडकाठी नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, पूर्वी नेहमी दिसणारे आणि आता दिसेनासे झालेले एक नाव प्रत्येकाने आठवावे. मिस्सा आटोपल्यावर त्यांच्या घरी जाऊन यावे. जाताना भाषण तयार करू नये, फार तर थोडी केळी न्यावीत. आणि तेथे जुन्या दिवसांचा विषय त्यांनी काढला तर आनंदाने ऐकावा. नाही काढला, तर आपण काढू नये. आज दुपारी काय जेवलात, एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.